शस्त्रक्रियेतील संगणकीय दिशादर्शन

शस्त्रक्रियेतील संगणकीय दिशादर्शन ही शल्यविशारदाच्या हातातील उपकरणाचे स्थान व कल रुग्णाच्या सीटी स्कॅन, एमआरआय किंवा क्ष-किरण प्रतिमेवर त्याच क्षणी दाखविणारी पद्धत होय. मेंदूतील गाठ, पाठीच्या कण्यातील स्क्रू, नाकालगतच्या पोकळ्या आणि गुडघ्याचा कृत्रिम सांधा या शस्त्रक्रियांत तिचा विशेष उपयोग होतो. उपकरण शरीरात शिरल्यानंतर त्याचे टोक डोळ्यांना दिसत नाही. ते कोठे आहे आणि याच दिशेने पुढे नेल्यास कोठे पोहोचेल, या दोन प्रश्नांची उत्तरे ही प्रणाली पडद्यावर देते. उपकरण चालवतो तो मात्र शल्यविशारदाचाच हात. म्हणून ही पद्धत यंत्रमानवी शस्त्रक्रियेहून वेगळी आहे, जरी अलीकडील अनेक यंत्रमानव याच दिशादर्शनाच्या आधारे काम करीत असले तरी.

या प्रणालीची तुलना वाहनातील जीपीएसशी नेहमी केली जाते. ती समजण्यास सोपी आहे, पण पुरती लागू पडत नाही. नकाशा काढल्यानंतर रस्ता जागचा हलत नाही. शरीर मात्र श्वासागणिक हलते आणि मेंदू तर कवटी उघडताच आकार बदलू लागतो. या विषयातील बहुतेक अडचणींचे मूळ या फरकात आहे.

इतिहास

शरीरातील न दिसणारा बिंदू तीन अक्षांवरील अंतरांनी निश्चित करण्याची कल्पना संगणकाहून जुनी आहे. लंडनमधील व्हिक्टर हॉर्सली व रॉबर्ट क्लार्क यांनी १९०८ साली प्राण्यांच्या मेंदूतील ठरावीक जागी सुई पोहोचविणाऱ्या चौकटीचे वर्णन प्रसिद्ध केले. मानवी रुग्णासाठी तशी चौकट अर्नेस्ट स्पीगल व हेन्री वायसिस यांनी फिलाडेल्फिया येथे १९४७ मध्ये वापरली. स्वीडनमधील लार्स लेक्सेल यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या रचनेत लक्ष्यबिंदू एका कमानीच्या केंद्रस्थानी येत असे. त्यामुळे सुई कमानीवरील कोणत्याही जागेवरून आत घातली तरी ती त्याच बिंदूशी पोहोचे.

या चौकटींची खरी उणीव प्रतिमेची होती. साध्या क्ष-किरण चित्रात मेंदू दिसत नाही, म्हणून मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून त्यांच्या आकारावरून लक्ष्याचा अंदाज बांधावा लागे. लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला आणि ही अडचण संपली. मेंदूचा प्रत्येक छेद आता अंकांच्या रूपात उपलब्ध झाला. या शोधासाठी हाउन्सफील्ड व ॲलन कॉरमॅक यांना १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

डोक्याला स्क्रूने घट्ट बसविलेली चौकट रुग्णाला त्रासदायक होती आणि शस्त्रक्रियेच्या जागेत अडथळाही आणत असे. अमेरिकेतील डार्टमथ येथे डेव्हिड रॉबर्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये चौकटीविना काम करणारी पद्धत प्रसिद्ध केली. तीत शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाचे स्थान ध्वनिलहरींच्या साहाय्याने मोजले जाई आणि गाठीची कडा सूक्ष्मदर्शकातूनच दिसे. पुढील वर्षी जपानमधील एइजू वातानाबे यांनी सांधे असलेल्या यांत्रिक बाहूवर आधारलेल्या 'न्यूरोनॅव्हिगेटर'ची माहिती प्रसिद्ध केली. याच सुमारास जर्मनीतील आखेन येथे कान-नाक-घसा विभागात असाच प्रयत्न चालू होता. ध्वनी आणि यांत्रिक बाहू या दोन्ही मार्गांची जागा १९९०च्या दशकात अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी घेतली.

उपकरणाचा मागोवा

सध्या सर्वाधिक वापरात असलेल्या रचनेत शस्त्रक्रियेच्या टेबलापासून काही अंतरावर दोन कॅमेरे एका दांडीवर बसविलेले असतात. ते अवरक्त प्रकाश टाकतात. उपकरणाच्या मुठीजवळील लहान परावर्तक गोळे तो परत पाठवितात. दोन कॅमेऱ्यांच्या दृष्टिरेषा जिथे छेदतात तिथे गोळा आहे, हे साध्या त्रिकोणमितीने कळते. स्थान व कल दोन्ही ठरविण्यासाठी एका रेषेत नसलेले किमान तीन गोळे लागतात. प्रत्येक उपकरणावरील गोळ्यांची मांडणी वेगळी ठेवलेली असते. त्यामुळे हातात सुई आहे की ड्रिल, हे प्रणाली आपोआप ओळखते.

कॅमेरा गोळे पाहतो, टोक पाहत नाही. गोळ्यांपासून टोकापर्यंतचे अंतर आधी मोजून ठेवलेले असते. उपकरण वाकले किंवा दुसऱ्या लांबीचे बसविले, तर पडद्यावरील टोक आणि प्रत्यक्षातील टोक यांत फरक पडतो आणि पडद्याला त्याचा पत्ता नसतो. कोनातील चूकही अंतराबरोबर वाढते. १ अंशाची चूक १०० मिलीमीटर अंतरावर सुमारे १.७ मिलीमीटर होते.

रुग्णाच्या हाडालाही अशाच गोळ्यांची एक संदर्भचौकट घट्ट बसविलेली असते. टेबल सरकले, रुग्ण हलला किंवा कॅमेऱ्याला धक्का लागला, तरी सर्व मोजमाप या चौकटीच्या संदर्भात होत असल्याने चित्र बिघडत नाही. मात्र ही चौकटच सैल झाली, किंवा साहाय्यकाच्या कोपराचा तिला धक्का लागला, तर पडद्यावरील सर्व काही एकदम आणि कोणत्याही इशाऱ्याविना चुकीचे होते.

प्रकाशावर चालणाऱ्या प्रणालीला कॅमेरा व गोळे यांच्यामधली वाट मोकळी लागते. मध्ये कोणी उभे राहिले किंवा गोळ्यावर रक्ताचा थेंब पडला की मागोवा तुटतो. चुंबकीय क्षेत्रावर चालणाऱ्या प्रणालीत ही अट नाही आणि तिचा बारीक संवेदक लवचीक नळीच्या थेट टोकाशी बसविता येतो. पण जवळपासच्या धातूच्या वस्तूंमुळे क्षेत्र विस्कटते.

प्रतिमा व शरीर यांची जुळणी

स्कॅनमधील बिंदू आणि टेबलावरील रुग्णाच्या शरीरावरील तोच बिंदू यांचा संबंध जोडणे, म्हणजेच जुळणी, हा या पद्धतीचा कणा आहे. सर्वात सोप्या प्रकारात स्कॅनपूर्वी त्वचेवर खुणांच्या टिकल्या चिकटवितात आणि शस्त्रक्रियेच्या वेळी त्याच टिकल्यांना एकामागून एक सुईचे टोक लावतात. गणिताच्या दृष्टीने तीन बिंदू पुरेसे असले, तरी प्रत्यक्षात अधिक घेतात. दुसऱ्या प्रकारात कपाळ, नाक किंवा मणक्याच्या पृष्ठभागावरून टोक फिरवून शेकडो बिंदू गोळा करतात व स्कॅनमधील पृष्ठभागाशी ते पुनःपुन्हा जुळवून पाहतात. या कामासाठी पॉल बेसल व नील मॅके यांनी १९९२ मध्ये मांडलेली गणनपद्धती व तिची रूपे प्रचारात आहेत. शस्त्रक्रियागृहातच त्रिमितीय स्कॅन घेणारे यंत्र असेल, तर त्याचे स्थान कॅमेऱ्याला ठाऊक असल्यामुळे जुळणी आपोआप होते.

जुळणी पूर्ण झाली की पडद्यावर मिलीमीटरमधील एक आकडा येतो. खुणा एकमेकींवर किती नेमक्या बसल्या, एवढेच तो सांगतो. शल्यविशारदाला हवी असते ती वेगळी गोष्ट, म्हणजे गाठीच्या किंवा नसेच्या जागी होणारी चूक. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातील मायकेल फिट्झपॅट्रिक व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखविले, की लक्ष्यावरील चूक खुणांच्या मांडणीवर आणि त्यांच्या मध्यापासून लक्ष्य किती दूर आहे यावर अवलंबून असते. २००९ मध्ये फिट्झपॅट्रिक यांनी सिद्ध केले, की ठरावीक मांडणीसाठी या दोन चुकांमध्ये सांख्यिकीय संबंधच नसतो. म्हणजे लहान आकडा पाहून निश्चिंत होण्यास काहीही आधार नाही. सर्व खुणा कपाळावर आणि लक्ष्य डोक्याच्या मागील भागात असेल, तर पडद्यावरील आकडा चांगला दिसत असतानाही सुई भलतीकडे जाऊ शकते.

पडद्यावरील दर्शन

आडवा, उभा व समोरचा असे तीन छेद दाखविणे ही जुनी व अजूनही टिकून असलेली रीत आहे. उपकरणाचा कल साधताना मात्र त्याच्याच अक्षातून पाहिलेले दृश्य अधिक उपयोगी पडते. त्यात प्रवेशबिंदूसाठी एक वर्तुळ व टोकासाठी एक ठिपका असतो. ठिपका वर्तुळाच्या मध्याशी आला की जागा साधली, आणि मुठीचे दुसरे वर्तुळ त्यावर बसले की दिशा साधली. सुई किंवा ड्रिल स्वतःच्या अक्षाभोवती फिरले तरी मार्ग बदलत नाही, म्हणून अवकाशातील सहा मोजमापांपैकी पाचच पाहावी लागतात. टोकापुढे काढलेली आभासी रेषा छिद्र पाडण्याआधीच स्क्रूचा संभाव्य मार्ग, लांबी व जाडी दाखविते.

मणक्याची शस्त्रक्रिया

मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या अरुंद हाडी दांड्यांतून, ज्यांना पेडिकल म्हणतात, स्क्रू बसविताना आतल्या बाजूस मज्जारज्जू आणि खाली चेतामूळ असते. राजा रामपरसाद, डेव्हिड सायमन व केव्हिन फोली यांनी २००१ मध्ये गणिताने दाखविले, की कमरेच्या पाचव्या मणक्यात ३.८ मिलीमीटर व १२.७ अंशांपर्यंतची चूक खपून जाते. छातीच्या पाचव्या मणक्यात मात्र चुकीला शून्य जागा उरते. उपलब्ध कोणतीही प्रणाली शून्य चुकीची नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो.

स्क्रू कितपत बाहेर गेला हे ठरविण्यासाठी गर्ट्झबाइन व रॉबिन्स यांची १९९० पासूनची प्रतवारी वापरतात. तीत दर २ मिलीमीटरला एक श्रेणी उतरते. ३७ हजारांहून अधिक स्क्रूंची नोंद एकत्र पाहणाऱ्या २००७ च्या एका आढाव्यात दिशादर्शनासह सुमारे ९५ टक्के, तर त्याविना सुमारे ९० टक्के स्क्रू योग्य जागी आढळले. किंचित बाहेर गेलेल्या बहुतेक स्क्रूंमुळे रुग्णाला त्रास होत नाही. त्यामुळे हा फरक रुग्णाच्या प्रकृतीत नेमका किती उतरतो, याविषयी मतभेद आहेत. कण्याला मोठा बाक असलेल्या किंवा पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत, जिथे हाडावरील नेहमीच्या खुणाच हरवलेल्या असतात, तिथे या पद्धतीचे महत्त्व सहसा कोणी नाकारत नाही. सी-आर्म यंत्राने वारंवार चित्र घेणे टळल्याने शस्त्रक्रियागृहातील कर्मचाऱ्यांना होणारा क्ष-किरणांचा संसर्गही कमी होतो; रुग्णाला मात्र त्रिमितीय स्कॅनचा किरणभार सोसावा लागतो.

मेंदूचे सरकणे

कवटी व तिच्या आतील आवरण उघडताच मेंदूभोवतीचे द्रव वाहून जाते, गुरुत्वाकर्षणाने मेंदू खाली बसतो आणि गाठीचा भाग काढला की उरलेली जागा मिटू लागते. हे सरकणे १ सेंटीमीटरहूनही अधिक असू शकते. शस्त्रक्रियेपूर्वीचा एमआरआय अशा वेळी जुना नकाशा ठरतो, आणि गाठीचा शेवटचा, सर्वात नाजूक भाग काढतानाच तो सर्वाधिक चुकीचा असतो. यावर उपाय म्हणून बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात १९९०च्या दशकाच्या मध्यास शस्त्रक्रियेदरम्यान वापरावयाचे एमआरआय यंत्र उभारले गेले. असे यंत्र फार खर्चाचे असते. तुलनेने स्वस्त मार्ग दिशादर्शनाशी जोडलेल्या सोनोग्राफीचा. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्रातील मेंदू-शल्यविशारदांनी त्रिमितीय सोनोग्राफीचा असा वापर करून त्याविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केले आहेत.

गुडघा

गुडघ्याच्या सांधेरोपणात खुबा, गुडघा व घोटा यांच्या केंद्रांतून जाणाऱ्या अक्षाशी कृत्रिम सांधा जुळवावा लागतो. खुब्याचे केंद्र खोल असल्याने त्याला स्पर्श करता येत नाही. मांडी गोलाकार फिरवली की तिच्यावरील गोळे एका चेंडूच्या पृष्ठभागावरून फिरतात आणि संगणक त्या चेंडूचे केंद्र काढतो. स्कॅनची गरज उरत नाही. या तत्त्वावरील पहिले गुडघारोपण फ्रान्समधील ग्रनोबल येथे १९९७ मध्ये झाले. अक्षात ३ अंशांहून अधिक चुकणाऱ्या सांध्यांचे प्रमाण या पद्धतीने घटते, असे बहुतेक अभ्यास सांगतात. चालण्याफिरण्यातील फरक मात्र तितका स्पष्ट नाही.

मर्यादा व धोके

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०१७ मध्ये चौकटविरहित प्रणालींच्या अचूकतेविषयी डॉक्टरांना पत्र पाठविले. मृत्यू, गंभीर इजा, तसेच लांबलेल्या वा अर्धवट सोडाव्या लागलेल्या शस्त्रक्रियांच्या नोंदी त्याच्याकडे आल्या होत्या. शस्त्रक्रियेदरम्यान ज्ञात शारीरिक खुणांवर टोक टेकवून पडदा तपासत राहावे आणि शंका आल्यास पडद्यावर विसंबू नये, असा त्याचा सल्ला होता.

आणखी एक अडचण नजरेची आहे. हात रुग्णावर आणि डोळे बाजूच्या पडद्यावर, अशा स्थितीत मान सतत वळवावी लागते. डोक्यावर घालावयाच्या चष्म्यातून मणका जणू त्वचेतून आरपार दिसावा, अशा रीतीने प्रतिमा डोळ्यांसमोर आणणाऱ्या एका प्रणालीला अमेरिकेत डिसेंबर २०१९ मध्ये कण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मान्यता मिळाली. अशा मिश्र दृश्याला दुसरी बाजूही आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शवावर दुर्बिणीने नाकातील शस्त्रक्रिया करणाऱ्या काही शल्यविशारदांना दृश्यावर मार्गदर्शक रेषा दाखविल्या आणि काहींना साधे दृश्य दिले. रेषा पाहणारे लक्ष्याच्या अधिक जवळ पोहोचले. पण दृश्यात मुद्दाम ठेवलेला, तेथे असू नये असा स्क्रू त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटला, तर साधे दृश्य पाहणाऱ्यांपैकी तुलनेने अधिक जणांना तो दिसला.