दशाश्वमेध घाट आणि मराठ्यांचे उत्तरेतील धोरण

वाराणसीतील दशाश्वमेध घाट गंगा आरतीसाठी सर्वपरिचित आहे. हा पक्का घाट १७४८ च्या सुमारास नानासाहेब पेशवे यांनी बांधविला आणि १७७४ मध्ये अहिल्याबाई होळकर यांनी त्याचा जीर्णोद्धार केला, असे मानले जाते. दोन्ही वेळी काशी मराठ्यांच्या नव्हे, तर अयोध्येच्या नवाबाच्या अमलाखाली होती.

ती मिळविण्याचे प्रयत्न मात्र जुने होते. १७३६ मध्ये थोरल्या बाजीरावांनी मोगल बादशहापुढे ठेवलेल्या मागण्यांत काशी, प्रयाग, गया व मथुरा या तीर्थक्षेत्रांचा समावेश होता. १७४२ मध्ये मल्हारराव होळकर यांची फौज मिर्झापूरजवळ आली असता ज्ञानवापी मशिदीच्या जागी विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारण्याचा त्यांचा विचार होता. त्याला काशीतील ब्राह्मणांनीच हरकत घेतल्याचे तत्कालीन पत्रव्यवहारावरून दिसते. फौज आज ना उद्या परतणार होती; सत्ताधाऱ्यांचा रोष काशीकरांच्या वाट्याला येणार होता. ज्यांच्यासाठी शस्त्र उचलायचे, त्यांनाच ते नको होते.

पुढे नवाब सफदरजंग याने फर्रुखाबादच्या बंगश पठाणांविरुद्ध मराठ्यांची मदत मागितली. १७५१ मध्ये मल्हारराव होळकर व जयाप्पा शिंदे यांनी पठाणांचा पराभव केला. १७५२ च्या करारान्वये बादशहाच्या रक्षणाची जबाबदारी मराठ्यांनी पत्करली. मोबदल्यात ५० लाख रुपये आणि पंजाब, सिंध आदी प्रांतांची चौथाई ठरली. कर्जाने गांजलेल्या पेशव्यांना रोख रकमेची निकड होती. काशी व प्रयाग नवाबाकडेच राहिले.

नानासाहेबांनी तरीही हा विषय सोडला नाही. १७५९ मध्ये त्यांनी शिंदे यांना सफदरजंगाचा पुत्र शुजाउद्दौला याच्याकडून ही क्षेत्रे मिळविण्याची सूचना दिली. शुजाला आपलेसे करायचे आणि त्याच्याच मुलखाचा लचका तोडायचा, ही दोन्ही उद्दिष्टे एकत्र नांदणे कठीणच होते. १७६० मध्ये सदाशिवराव भाऊंनी त्याच्याशी बोलणी केली. परंतु नजीबखान रोहिल्याच्या मध्यस्थीने तो अब्दालीला मिळाला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर त्याची फौज मराठ्यांच्या विरोधात उभी होती.

१७७५ मध्ये काशी ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेली. १७८० मध्ये अहिल्याबाईंनी विश्वेश्वराचे सध्याचे मंदिर शेजारच्या जागेत बांधविले. त्यासाठी होळकरांची फौज काशीला गेली नव्हती.