इंग्रजीची नियमित क्रियापदे : चार रूपे, बारा काळ

इंदूरच्या आपल्या बहुतेक घरांत आता नातवंडे हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. नोकरीचा अर्ज असो की बँकेला द्यायचे पत्र, इंग्रजी मजकूर तपासायला घरातल्या ज्येष्ठांकडेच येतो. म्हणून इंग्रजी नियमित क्रियापदांची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

मराठी माणसाला इंग्रजी क्रियापद खरे तर सोपे वाटायला हवे. आपल्याकडे ‘चाल’ धातूचा नुसता साधा भूतकाळ घेतला तरी मी चाललो, मी चालले, तू चाललास, तू चाललीस, तो चालला, ती चालली अशी रूपे होतात. इंग्रजीत या सगळ्यांना एकच ‘वॉक्ड’. लिंग नाही, वचन नाही. नियमित क्रियापदाची एकूण रूपे चारच : वर्क, वर्क्स, वर्क्ड, वर्किंग. ‘एस’ लागतो तो फक्त साध्या वर्तमानकाळात, तृतीयपुरुषी एकवचनी कर्त्याला. भविष्यकाळाला स्वतःचे रूपच नाही, मूळ क्रियापदामागे ‘विल’ लावला की झाले.

बारा काळ या चार रूपांतूनच उभे राहतात. साधे तीन : शी वर्क्स, शी वर्क्ड, शी विल वर्क. चालू तीन : इज वर्किंग, वॉज वर्किंग, विल बी वर्किंग. पूर्ण तीन : हॅज वर्क्ड, हॅड वर्क्ड, विल हॅव वर्क्ड. पूर्ण-चालू तीन : हॅज बीन वर्किंग, हॅड बीन वर्किंग, विल हॅव बीन वर्किंग. शेवटची दोन रूपे रोजच्या पत्रव्यवहारात क्वचितच लागतात. मुलांना ती आधी पाठ करायला लावू नयेत असे आमचे मत आहे. (आपल्या माळव्यातले ‘मी काम करून राहिलो आहे’ हे ‘आय ॲम वर्किंग’च्या जवळचे. पुणेकर हसले तरी मुलांना चालू काळ समजवायला ते फार उपयोगी पडते.)

खरी गडबड होते ती मराठी वाक्य जसेच्या तसे उचलल्याने. ‘मी 2019 पासून येथे काम करतो’ याचे ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स 2019’ होत नाही. ‘आय हॅव बीन वर्किंग’ असेच लिहावे लागते. अर्जात ‘आय वर्क्ड इन धिस कंपनी फॉर थ्री इयर्स’ लिहिले, तर वाचणारा समजतो की उमेदवाराने ती नोकरी सोडली. अजून नोकरीत असणाऱ्याने ‘हॅव वर्क्ड’ लिहायला हवे. एका शब्दाने अर्जाचा अर्थ फिरतो. उलट ‘काल’, ‘मागच्या महिन्यात’, ‘5 तारखेला’ असा नेमका गेलेला वेळ आला, की ‘हॅव’ चालत नाही. ‘मी काल पैसे भरले आहेत’ हे मराठीत बिनचूक आहे, पण इंग्रजीत ‘आय डिपॉझिटेड द मनी यस्टरडे’ एवढेच.

नकाराचेही तसेच. ‘पासबुक मिळाले नाही’ यात आपले क्रियापद भूतकाळीच राहते, म्हणून ‘आय डिड नॉट रिसीव्ड’ लिहिले जाते. इंग्रजीत भूतकाळाचा भार ‘डिड’ने उचललेला असतो, पुढे मूळ ‘रिसीव्ह’च हवे. प्रश्नालाही हाच नियम : ‘डिड यू रिसीव्ह?’

आता स्पेलिंग. ‘ई-डी’ लावताना शेवटचे अक्षर दुप्पट करायचे की नाही, हे बँकेतल्या शब्दांवरून छान कळते. शेवटी एक स्वर व त्यापुढे एक व्यंजन असेल आणि बोलताना जोर शेवटच्या अवयवावर पडत असेल, तर व्यंजन दुप्पट होते. ‘रेमिट’मध्ये जोर ‘मिट’वर, म्हणून ‘रेमिटेड’मध्ये दोन ‘टी’. ‘क्रेडिट’, ‘डेबिट’, ‘ऑडिट’ यांत जोर सुरुवातीला, म्हणून एकच ‘टी’. ‘डिपॉझिट’मध्ये तो मधल्या ‘पॉ’वर, तेथेही एकच. ‘रेफर’ला दोन ‘आर’, ‘ऑफर’ला एक. ‘कॅन्सल’ मात्र या नियमाला जुमानत नाही : ब्रिटिश पद्धतीने दोन ‘एल’, अमेरिकन पद्धतीने एक. आपल्याकडे ब्रिटिश पद्धत रूढ आहे. कोणतीही घ्या, पण एका पत्रात एकच ठेवा. ‘स्टॉप’सारख्या एकाच अवयवाच्या शब्दाला दोन ‘पी’ लागतात. व्यंजनानंतर ‘वाय’ आला तर त्याचा ‘आय’ होतो, जसे ‘कॅरी’चे ‘कॅरिड’; ‘प्ले’मध्ये ‘वाय’च्या आधी स्वर आहे, तो तसाच राहतो.

उच्चारात ‘ई-डी’ दर वेळी ‘एड’ नसतो. क, प, स, श, च, फ या ध्वनींनंतर तो ‘ट’सारखा ऐकू येतो : वर्क्ट, स्टॉप्ट, पास्ट. ट किंवा ड नंतर ‘इड’ : क्रेडिटिड, नीडिड. बाकी ठिकाणी नुसता ‘ड’ : ओपन्ड, प्लेड. ‘गो-वेन्ट-गॉन’ ही अनियमित मंडळी या नियमांत बसत नाहीत; त्यांची यादी पाठच करावी लागते.