जुन्या खेळाडू-कार्डावरचा छपाईचा दोष: किंमत घटते की वाढते?

समजा, पालघर किंवा बोईसरच्या घरात माळ्यावरच्या ट्रंकेत बबलगमसोबत मिळालेली क्रिकेटपटूंची जुनी कार्डे सापडली. ती कुठे दुमडलेली नाहीत, मळलेलीही नाहीत. तरीही ग्रेडिंगमध्ये त्यांना १० पैकी कमी गुण मिळू शकतात. कारण काही दोष कार्ड हाताळताना नाही, तर छापखान्यातच तयार होतात.

छपाईचे नेहमीचे दोष

- सेंटरिंग: चित्र एका बाजूला सरकलेले असणे. अमेरिकेतील पीएसए ही संस्था १० गुणांसाठी समोरच्या बाजूला साधारण ५५/४५ प्रमाण मागते. म्हणजे दोन्ही बाजूंचे समास मिळून १० मिमी असतील, तर ५.५ आणि ४.५ मिमीपर्यंतचा फरक चालतो.
- रंग सरकणे: ऑफसेट छपाईत निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा हे रंग एकावर एक छापतात. एखादा रंग जरा हलला की चेहरा धूसर दिसतो. स्वस्तातल्या लग्नपत्रिकेवर हे तुम्ही पाहिले असेल.
- ठिपके व रेघा: प्लेटवर धूळ बसली की शाईत पांढरा ठिपका राहतो. दोष ठळक असेल, तर पीएसए ग्रेडपुढे 'पीडी' अशी अक्षरे लावू शकते.

निर्दोष प्रती दुर्मीळ का?

आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्कीच्या १९७९ च्या ओ-पी-ची कार्डाला पीएसए १० ग्रेड मिळालेल्या फक्त दोन प्रती आहेत. त्यांपैकी एक २०२१ मध्ये ३७.५ लाख डॉलरना विकली गेली.

मग 'मिसप्रिंट' महाग का?

दोष आणि चूक वेगळ्या. १९०९ ते १९११ च्या टी२०६ मालिकेत बेसबॉलपटू शेरी मॅगीचे आडनाव आधी चुकीच्या स्पेलिंगने छापले आणि नंतर सुधारले. चुकीच्या प्रती थोड्याच उरल्याने त्या महाग आहेत. शाईच्या साध्या ठिपक्याला ते मोल नसते. त्यामुळे 'मिसप्रिंट, किंमत लाखात' अशा पोस्टवर लगेच विश्वास ठेवू नका.

कात्री लावू नका

समास सारखे करायला कडा कापल्यास कार्ड 'छेडछाड केलेले' ठरते आणि त्याला ग्रेडच नाकारली जाऊ शकते. होनस वॅग्नरच्या प्रसिद्ध टी२०६ कार्डाला पीएसए ८ ग्रेड मिळाली होती. त्याच्या कडा आपण कापल्याची कबुली लिलावकर्ता बिल मास्ट्रोने २०१३ मध्ये दिली.

म्हणून आधी पट्टीने समास मोजा, भिंगातून ठिपके पाहा आणि विकताना दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो द्या. दोष लपवू नका.