खडकी युद्धस्मशानभूमी : सरावात दगावलेल्यांचाही मान
पुण्याजवळील खडकी युद्धस्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धकाळातील १,६६८ सैनिकांचे स्मरण जतन केले आहे. सारेच रणांगणावर पडले असे नव्हे. १९१७ साली स्थापन झालेल्या युद्धकबर आयोगाचा नियम असा की, ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या मुदतीत सेवेत असता मरण आले, मग ते गोळीने येवो, आजाराने वा सरावातील अपघाताने, मान एकच. दूर ऑस्ट्रेलियात कपूका येथे २१ मे १९४५ रोजी स्फोटकांचे शिक्षण चालू असता २६ सैनिक ठार झाले. शत्रू जवळपासही नव्हता! तरी तेही युद्धमृतच गणले गेले. नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. भूमहून पुण्यास जाणाऱ्या भाविकांनी खडकीस थांबून घरापासून दूर विसावलेल्या या लेकरांसाठी प्रार्थना करावी, अशी आमची विनंती आहे.