वळसंगच्या शिवारात वेळ अमावस्येची पंगत

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्यानं निघालात की वळसंग लागतं. तिथं उतरा, डांबरी सोडा आणि गाडीवाटेनं शिवारात शिरा. थोडं चाललात की मोटारींचा आवाज बंद होतो, विजेचे खांबही दिसेनासे होतात आणि काळ मागं सरतो. आज शनिवार आहे, १ जानेवारी १९३८. मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे वेळ अमावस्या. गावात कुणी भेटणार नाही, सगळे रानात आलेत.

दोन्ही अंगांना शाळू उभा आहे, तुमच्या डोक्याच्याही वर. परतीच्या पावसाची ओल काळ्या मातीनं धरून ठेवलीय, वरून थंडी आणि पहाटेचं दव. तेवढ्यावर हे पीक येतं. मध्ये मध्ये हरभरा आणि करडई. पुढं कडब्याच्या पेंढ्यांची कोप दिसते. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडलेत, ते पांडव. पूजा आटोपली की घरधनी पिकावर आंबील शिंपडत शेताला फेरी घालतो. आधी रानाला जेवू घालायचं, मग माणसांनी बसायचं.

पदर खोचलेली आजी तुम्हाला हाक मारते, "या पावणं, बसा. ऊटा माडरी." म्हणजे जेवण करा. मराठीनं सुरू झालेलं बोलणं कन्नडमध्ये संपतं, इथं ते रोजचंच. पुढ्यात पत्रावळ येते.

पहिली वाढतात भज्जी. ही तळलेली भजी नव्हेत. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, गाजर, कांद्याची पात असं सगळं चिंचेच्या पाण्यात शिजवून त्याला डाळीचं पीठ लावलेलं असतं. दाट, आंबटसर, आणि प्रत्येक घासाला दाताखाली वेगळा दाणा. सोबत बाजरीचे उंडे. ते कुस्करून भज्जीत कालवा, चमच्याची वाट बघू नका. मग तीळ लावलेली कडक भाकरी, पापडासारखी कट्टकन मोडणारी. पातळ थापून खरपूस वाळवलेली ही भाकरी कित्येक दिवस टिकते, म्हणून प्रवासाच्या शिदोरीत तिचा मान पहिला.

भाकरीवर शेंगा चटणी येते. भाजलेले दाणे, लसूण, लाल तिखट आणि मीठ उखळात घालून तेल सुटेपर्यंत कुटायचं. घाई केली तर नुसतं कूट होतं, चटणी होत नाही. गोडाला खपली गव्हाची खीर आणि दाण्याचं कूट व गूळ भरलेली शेंगापोळी. शेवटी मडक्यातली गार आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून शिजवलेलं, वर लसूण आणि जिरं. एवढं जड जेवण तीच पचवते, तेव्हा नको म्हणू नका.

आज कुणीही वाटेनं जाणारा यावा, जेवून जावा, अशी रीत आहे. पण पंगतीवरून नजर फिरवा आणि कोण कुठं बसलंय ते पाहा. आदल्याच वर्षी, १९३७ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्या गावात आले होते. दलित वस्तीनं स्वतः खोदलेल्या विहिरीचं पाणी त्यांच्या हातानं काढलं गेलं. आंबील करायची तरी आधी पाणी लागतं, आणि त्या पाण्यासाठी गावातल्याच माणसांना वेगळी विहीर खोदावी लागली.

आता ह्याच बांधावरून आणखी पाचशे वर्षं मागं चला, बहमनी सुलतानांच्या काळात. जोंधळा उभा आहे. तूर, हरभरा, बाजरी, तीळ, चिंच, गूळ, सगळं आहे. पत्रावळीवर चटणीची जागा मात्र रिकामी. मिरची आणि भुईमूग दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीज येईपर्यंत इकडे कुणाला ठाऊकच नव्हते. तिखट हवं असेल तर मिरे. ज्याच्या भाकरीवर हा सगळा मुलूख जगतो तो जोंधळासुद्धा आफ्रिकेतून आलेला, फक्त हजारो वर्षं आधी.

परत डांबरीवर, आपल्या काळात या. कडक भाकरी आणि शेंगा चटणी आज सोलापूरच्या दुकानांत पाकिटात मिळते, जरूर घ्या. भज्जी, उंडे आणि आंबील खायची तर मार्गशीर्षातल्या अमावस्येला कुणाच्या तरी रानात जावं लागेल. सोलाण्याचे ओले दाणे थंडीतच मिळतात आणि भज्जीची खरी चव त्यांचीच आहे. गावातली बाबासाहेबांची विहीरही त्याच फेरीत पाहा, तिच्याशिवाय ही पंगत पुरती कळत नाही.

कारण ह्या पत्रावळीनं सातासमुद्रापलीकडच्या मिरचीला आणि शेंगेला जागा दिली, आणि जेवण त्यानं वाढलंच. परक्या बियाण्याला जे सहज मिळालं ते घरच्या माणसाला मागून मिळवावं लागलं. ही परंपरा चालवायची तर तिच्यातलं मोठेपण चालवू. पाककृती जपाच, पण रानात पंगत बसली आणि कुणी बांधावर उभं दिसलं, तर आधी सरकून त्यांना जागा करा आणि मगच भाकरी मोडा.