स्टॅम्प मिल म्हणजे काय? तांब्यासाठी दगड कुटणारी यंत्रं आणि त्यांच्याभोवती वसलेली गावं

तुमच्या फोनच्या सर्किट बोर्डवरच्या बारीक रेषा, चार्जरची वायर, शेतातल्या पंपाची मोटर, या सगळ्यात तांबं आहे. नरखेड तालुक्यात संत्री पिकतात, तांबं निघत नाही. आपल्याला त्यातल्या त्यात जवळची मोठी तांब्याची खाण म्हणजे गोंदियाच्या पलीकडे, बालाघाट जिल्ह्यातलं मलाजखंड. तिथल्या १०० किलो दगडात तांबं साधारण एकच किलो असतं. म्हणजे तांबं हवं तर आधी दगडाचं पीठ करावं लागतं. हे काम पूर्वी स्टॅम्प मिल करायची.

यंत्र कसं चालायचं?

घरचं उखळ-मुसळ आठवा. मुसळाच्या जागी जड लोखंडी टाचेचा उभा दांडा, आणि असे अनेक दांडे एका रांगेत. खाली फिरणाऱ्या आडव्या कण्यावरचे उंचवटे दांडा वर उचलतात, सोडतात, आणि तो आपल्याच वजनाने दगडावर आदळतो. सोबत पाणी वाहत असतं. चुरा चाळणीतून बाहेर पडतो, मग पाण्याच्या झोताने हलका दगड वाहून जातो आणि जड तांबं मागे राहतं. सुपात पाखडतो तसंच, फक्त वाऱ्याऐवजी पाणी. पाण्याच्या चाकावर चालणाऱ्या अशा मिलचं वर्णन १५५६ मध्ये छापलेल्या अ‍ॅग्रिकोलाच्या पुस्तकात आहे. पुढे वाफेचे स्टॅम्प आले. त्यात वाफ दांड्याला खाली ढकलायची, त्यामुळे ठोका कितीतरी जोरात बसायचा.

मिशिगनचा तांबेपट्टा

तांब्याच्या स्टॅम्प मिलचं खरं माहेर म्हणजे अमेरिकेतलं मिशिगन राज्य, सुपीरियर सरोवराकाठचं किविनॉ. तिथल्या दगडात तांबं शुद्ध धातूच्या रूपातच सापडायचं, म्हणून नुसतं कुटून-धुऊन भागायचं. १८४० च्या दशकात खाणी सुरू झाल्या. कॉर्नवॉल, फिनलंड, इटली, क्रोएशियातून माणसं आली. घर कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा. सोय छानच, पण नोकरी गेली की घरही जायची भीती.

मग दोन माणसांचं ड्रिल जाऊन एका माणसाचं आलं. कामगारांना ते नको होतं: एकट्याला अपघात झाला तर हाक मारायला शेजारी कुणी नाही, आणि निम्मी कामं जाणार. जुलै १९१३ मध्ये संप झाला. ८ तासांचा दिवस, जास्त पगार आणि युनियनला मान्यता, याही मागण्या होत्या. त्या वर्षी २४ डिसेंबरला कॅल्युमेटच्या इटालियन हॉलमध्ये संपकऱ्यांच्या मुलांसाठी नाताळचा कार्यक्रम होता. कुणीतरी ‘आग’ म्हणून ओरडलं. आग नव्हतीच. जिन्यात चेंगरून ७३ जण गेले, त्यात बहुतेक लहान मुलं. ओरडलं कोण, हे कधीच सिद्ध झालं नाही. एप्रिल १९१४ मध्ये संप मिटला. एका माणसाचं ड्रिल राहिलं, युनियनला मान्यता मिळाली नाही.

वाळू मात्र राहिली

मिलला पाणी लागायचं, म्हणून ती तळ्याकाठी. कुटलेला चुराही तळ्यातच. एकट्या टॉर्च लेकमध्ये सुमारे २० कोटी टन चुरा गेला, तळ्याचा जवळपास पाचवा हिस्सा भरला. गे नावाच्या गावाजवळचा ढीग लाटांबरोबर सरकत सरकत बफेलो रीफ या माशांच्या अंडी घालण्याच्या जागेपर्यंत पोचतोय. मिल १९३२ मध्येच बंद पडली होती!

मलाजखंडला स्टॅम्प मिल नाही. हिंदुस्तान कॉपरचा तो प्रकल्प १९८२ चा. तिथे तांबं गंधक आणि लोखंडाशी जोडलेलं असतं, त्यामुळे नुसतं कुटून चालत नाही. फिरत्या ड्रममध्ये पोलादी गोळ्यांनी दगड दळतात, मग फेसाबरोबर तांब्याचे कण वर काढतात. उरलेला चुरा, ज्याला टेलिंग्ज म्हणतात, तो इथेही साठवावा लागतोच.

बघायचं असेल तर मॅप उघडा, सॅटेलाइट व्ह्यू लावा. आधी मलाजखंड शोधा, पायऱ्या-पायऱ्यांचा प्रचंड खड्डा दिसेल. मग मिशिगनमधलं गे शोधा आणि किनाऱ्यावरची करडी पट्टी बघा.