घरे तारण ठेवून उभारलेला पूल

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचे श्रेय अभियंत्यांना दिले जाते. पण त्याचा पाया मतपेटीत घातला गेला. ४ नोव्हेंबर १९३० रोजी, ऐन महामंदीत, सहा काउंट्यांतील मतदारांना विचारले गेले : साडेतीन कोटी डॉलरचे कर्जरोखे काढावेत काय? तारण होती त्यांचीच घरे, शेते, दुकाने. १,४५,०५७ जणांनी होकार दिला, ४६,९५४ जणांनी नकार. १९३७ साली पूल खुला झाला. १९७१ मध्ये शेवटचे रोखे फिटले. मुद्दल आणि सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलर व्याज टोलमधूनच भागले. घरांवर जप्ती आली नाही. मात्र ‘नको’ म्हणणाऱ्यांची मालमत्ताही जवळजवळ चार दशके त्याच कर्जाला बांधलेली होती. मतदारांनी मंजूर केलेला खर्च म्हणजे शेजाऱ्याच्या वतीनेही दिलेला शब्द असतो.